टाकीचा उसासा

२ एप्रिल

प्रिय मामा,

रागावलेला असलास तरी नमस्कार. रागावलेला नसलास तर दोन नमस्कार.

परवा तुला फोन केला होता. तू उचललास. मी म्हटलं, "मामा, मी भोंगा बोलतेय," आणि लगेच फोन चालू इंजिनाजवळ धरला, म्हणजे तू आवाज ऐकून दुखणं सांगशील. तू म्हणालास, "इथे असं कुणी राहत नाही," आणि ठेवून दिलास. लहानपणी तुझ्या गॅरेजात बसून प्रत्येक गाडीचा हॉर्न वाजवायचे म्हणून हे नाव तूच मला ठेवलंस, आणि आता तूच ओळख दाखवत नाहीस. गेल्या वर्षी तू बजावलं होतंस की विकणारा हसत निरोप देत असेल तर ती गाडी घेऊ नये. हा माणूस तर चक्क हात हलवत होता. तरी मी ही जुनी व्हॅन घेतली. तो राग अजून गेलेला नाही असं मी धरून चालते. तो नंतर काढ, आधी गाडीचं बघ.

काम काय ते मामीकडून तुला कळलंच असेल. किडनीचे आजारी असलेले चार जण मी घरून उचलते आणि टेकडीपलीकडच्या दवाखान्यात सोडते. तिथे त्यांना मशीनला लावून रक्त स्वच्छ करतात. एक दिवसाआड जावंच लागतं, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. मशीन कुणासाठी थांबत नाही. उशीर झाला तर तेवढा वेळ कमी मिळतो, आणि तेवढी घाण अंगात राहते. मला हे काम आवडतं मामा. नवरा बोटीवर, घरात मी आणि सासूबाई. दिवसभर एकमेकींचं तोंड बघत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

तर दुखणं असं. गाडी घरून निघते तेव्हा लोण्यासारखी चालते. बाजार ओलांडते, पाण्याची टाकी ओलांडते, आणि चढ अर्धा झाला की दोन-चार आचके देऊन मरते. पंधरा-वीस मिनिटं बसून राहिलं की पुन्हा सुरू होते, जणू त्या गावचीच नाही. हे सगळं उन्हाळा लागल्यापासून. माझ्या शेजारच्या सीटवर एक निवृत्त हेडमास्तरीणबाई असतात. गाडी बंद पडली की त्या मला दहापैकी मार्क देतात. काल तीन दिले, तेही अक्षर चांगलं आहे म्हणून.

सासूबाई बऱ्या आहेत. त्यांचं शिलाई मशीन जोरात चालू आहे. तुला ठाऊक आहेच, त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला झबलं आहे, फोनला आहे, गॅसच्या सिलिंडरला तर झालर लावलेलं आहे. मी एका जागी फार वेळ बसत नाही, न जाणो मलाही कव्हर घालतील.

लवकर लिही. दवाखान्याच्या मॅनेजरबाई दोनदा माझ्याकडे घड्याळ दाखवून गेल्या आहेत.

तुझी,
भोंगा


७ एप्रिल

प्रिय भोंगा,

राग कसला. राग धरायला अंगात जोर लागतो, तो मी आता नट सोडवायला राखून ठेवतो.

फोनचं म्हणशील तर फोनवर इंजिन ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण जेवणं. मला ते पटत नाही. मी त्या दिवशी ठेवला तो म्हणूनच. तू लिहून पाठव. आवाज सुद्धा लिहून पाठव. आपल्या भाषेत आवाजांना काय तोटा आहे? घरघर वेगळी, घुरघुर वेगळी, खरखर वेगळी. नीट कान देऊन ऐकायचं आणि जसं ऐकलं तसं कागदावर उतरवायचं. त्यात तुझंच शिक्षण होईल. मला सध्या सवड आहे. शटरला रंग द्यायचा म्हणून गॅरेज काही दिवस बंद ठेवलंय.

आता दुखणं. हे इतकं सोपं आहे की मला लाज वाटते सांगायला. उन्हाळा लागला आणि गाडी बंद पडायला लागली, गार झाली की चालते. कॉइल. गरम झाली की ती ठिणगी द्यायचं सोडते, गार झाली की शहाण्यासारखी वागते. पैजेवर सांगतो. तरी खात्री करून घे. जादा प्लग जवळ ठेव. गाडी मेली की लगेच सीट उचल, इंजिन तुझ्याच बुडाखाली आहे. एका प्लगची वायर काढून ती जादा प्लगला लाव, प्लग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून ठेव आणि मागच्या कुणाला तरी चावी फिरवायला सांग. हातात कोरडं फडकं धर, नाहीतर ठिणगी प्लगमध्ये दिसायची ती तुझ्या डोळ्यांसमोर दिसेल. ठिणगी नाही दिसली की नवी कॉइल टाक आणि मला पेढ्यांऐवजी पत्र पाठव.

मामी ठीक. तिचं बोलणं हल्ली वाढलंय, पण माझं त्याकडे लक्ष नसतं.

तुझा,
मामा


१३ एप्रिल

प्रिय मामा,

पैज हरलास. गाडी नेहमीच्या जागी मेली. मी सीट उचलली, तू सांगितलंस तसा प्लग टेकवला, आणि चावी फिरवायला हेडमास्तरीणबाई पुढे झाल्या. त्यांनी आयुष्यात गाडीची चावी हातात धरली नव्हती, पण फिरवली अशी की जणू मुलाचा कान पिळतायत. ठिणगी पडली. निळी, चांगली टपोरी. कॉइलवर खोटा आळ घेतलास.

आवाज हवे होतेस ना, घे. मरायच्या आधी सुरळीत "घुंऽऽ" चाललेलं असतं. मग मध्येच "हुक्", पुन्हा "हुक् हुक्", उचकी लागल्यासारखं. मग काहीच नाही. चावी फिरवली की "खुर्रर्र, खुर्रर्र", इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही.

तुझं पत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला घेऊन चढावर गेले. भला माणूस आहे. गाडी मेल्यावर त्याने पेट्रोलची नळी काढून बघितली तर कोरडी. म्हणाला, पंप गेला. पंप बदलला, फिल्टर बदलला. दोन फेऱ्या झकास झाल्या, मी तुला तार करायच्या बेतात होते. तिसऱ्या फेरीला पुन्हा हुक् हुक्. तो बिचारा पैसे परत द्यायला निघाला, मीच घेतले नाहीत.

आता ऐक. मॅनेजरबाईंनी काल बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्याबद्दल तक्रार नाही, तुमच्या गाडीबद्दल आहे. हा महिना बघते. नाहीतर पुढच्या महिन्यापासून फेरी दुसऱ्या गाडीवाल्याकडे." त्या वाईट नाहीत. मागे बसलेल्या तिघांपैकी एकाचा त्या दिवशी पाऊण तास बुडाला होता, आणि त्याचे पाय संध्याकाळी सुजले. मला रात्रभर ते पाय दिसत राहिले. फेरी जाईल याची भीती आहेच, पण फेरी जायलाच हवी की काय, असंही मनात येतं.

मामा, तुझ्या गॅरेजात लोक रस्त्यावरूनच गाडी चालू ठेवून उभे राहायचे आणि तू आतून ओरडायचास, "तिसऱ्या नंबरचा प्लग बदला." इतका कान तुझा. आणि मला मात्र तू पाच मिनिटं फोनवर देत नाहीस. रुसायचं असेल तर माझ्यावर रुस, त्या चौघांनी काय केलंय?

भोंगा


१८ एप्रिल

चि. भोंगा हिस मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी त्याला न सांगता लिहितेय. वाचलंस की फाडून टाक.

तुझ्या मामाला ऐकू येत नाही गं. माणसाचं दिवाळं निघतं तसा त्याचा कान आधी हळूहळू गेला आणि थंडीत पूर्णच बसला. डॉक्टर म्हणाले, जन्मभर इंजिनांत डोकं घातलं त्याची ही किंमत. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात पडलंय. म्हणतो, "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?" एक गिऱ्हाईक आवाज ऐकवायला आलं, याला काही ऐकू आलं नाही, हा काहीतरी बोलून गेला आणि ते चुकलं. त्याच संध्याकाळी शटर ओढलं. रंगाचा डबा आणलाय खरा, पण अजून त्याचं झाकणही उघडलेलं नाही.

दिवसभर खिडकीत बसून असायचा. तुझं पत्र आलं आणि उठला. तू लिहिलेलं "खुर्रर्र" तो मोठ्याने वाचत होता. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे इतक्या मोठ्याने की शेजारीण बघायला आली, घरात मोटार सुरू केली की काय. डोळे मिटून "हुक् हुक्" करतो आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचतो. इतक्या महिन्यांत त्याला असा मी पाहिला नव्हता.

तो चुकेल, दहा वेळा चुकेल. तू लिहायचं थांबवू नकोस. आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर माझं काही खरं नाही.

मामी


१८ एप्रिल

प्रिय भोंगा,

चावी फिरवणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि कॉइलची मी माफी मागतो.

नळी कोरडी होती हे तू मला तिसऱ्या पानावर सांगतेस. ते पहिल्या ओळीत हवं. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पंप नवा, फिल्टर नवा, तरी पोचत नाही. मग घोडं पेंड खातंय ते टाकीत. आतापर्यंत आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

दोन गोष्टी बघ. एक म्हणजे टाकीत वाळकं पान, कापडाची चिंधी असं काही पडलं असेल तर ते वाहत वाहत नळीच्या तोंडाशी येतं आणि चिकटतं. गाडी थांबली की सुटून पुन्हा तरंगायला लागतं. टाकी रिकामी करून बघायला सांग. दुसरं म्हणजे झाकण. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, म्हणून जुन्या गाड्यांच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते धुळीने बुजलं की टाकीचा श्वास कोंडतो. सुई घालून बघ.

फोनचं तू लिहिलंस ते मनाला लावून घेत नाही. मी रुसलेलो नाही. एवढंच लिहितो.

मामा


२४ एप्रिल

प्रिय मामा,

गेल्या पत्रात तोंड सुटलं होतं माझं. जाऊ दे, भोंगाच मी.

टाकी रिकामी केली. आत पान नाही, चिंधी नाही, इतकी स्वच्छ की सासूबाईंनी घासल्यासारखी. झाकणाचं भोकही बघितलं. सासूबाईंच्या डब्यातली सगळ्यांत बारीक सुई मागून घेतली आणि आरपार घातली. भोक मोकळं आहे. झाकणावर फुंकर मारली तर हवा पलीकडे जाते. म्हणजे याही वेळी तू हरलास, आणि मी तुझ्याबरोबर हरले. परवा पुन्हा चढावर बंद पडली. मॅनेजरबाई म्हणाल्या, सोमवारी मी स्वतः तुमच्या गाडीत बसून येते.

ते असो. आज मी ठरवलंय की तुला एक अख्खा दिवस ऐकवायचा. निदानासाठी नाही. तू मला लहानपणी सीटवर बसवून "हे ऐक, हा व्हॉल्व, हा फॅन" करत सगळं इंजिन ऐकवलंस, त्याची परतफेड समज. डोळे मिटून घे आणि मामीला वाचायला सांग, नाहीतर तूच वाच, पण सावकाश.

सकाळी व्हॅनचा सरकता दरवाजा उघडला की "खर्रर्र-ठक्". रुळात वाळू आहे. मी बसले की सीट "चुंई" करते. चावी फिरवली की "खुर्र, खुर्र, भुम्म", आणि मग खाली संथ "घुंऽऽ" सुरू होतं, मांड्यांना गुदगुल्या करणारं. हेडमास्तरीणबाई चढतात तेव्हा त्यांची काठी दोनदा वाजते, एकदा पायरीवर, एकदा माझ्या गिअरवर. मागचे तिघे बसले की गाडी "हुश्श" करून जरा खाली बसते. बाजारातल्या दगडी रस्त्यावर सगळ्या काचा "किणकिणकिण". पाण्याच्या टाकीपाशी पहिला चढ लागला की आवाज जाड होतो, "घुंऽऽ"चं "घोंऽऽ" होतं.

पेट्रोल पंप मात्र बाजाराच्याही आधी लागतो. तिथलाही ऐक. पंपावरचा माणूस तोंडात शिट्टी धरूनच बोलतो, म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य "फी" ने संपतं. मी उतरते, बाजूचं टाकीचं छोटं दार "टक्" करून उघडते, टोपड्याचं इलॅस्टिक ओढते, ते "चटक्" वाजतं. झाकण फिरवते, "कर्र, कर्र", आणि सुटता सुटता टाकी "सुस्स्स्" करून मोठा उसासा टाकते. पंपावरचा म्हणतो, "बाई, तुमच्या गाडीला कसलं दुःख आहे फी?" मग पेट्रोल "घळघळ". मग झाकण "कर्र", टोपडं "चटक्", दार "टक्". गंमत म्हणजे ज्या दिवशी टाकी काठोकाठ भरते त्या दिवशी ही बया लवकर मरते, आणि पेट्रोल तळाला गेलेलं असलं की टेकडी चढून जाते. भरल्या पोटी झोप येते म्हणतात ते खरं असावं.

आणि शेवटचा आवाज चढावरचा, गाडी मेल्यानंतरचा. काहीच नसतं मामा. मागे तिघे श्वास रोखून बसतात, मला वाईट वाटू नये म्हणून कुणी घड्याळही बघत नाही. तो आवाज कसा लिहायचा ते मला येत नाही.

तुझी,
भोंगा


३० एप्रिल

प्रिय मामा,

बस. मामीलाही बसव. सगळं क्रमाने सांगते.

शनिवारी दुपारी मी बाहेरून आले तर सासूबाई फोनशेजारी ताठ बसलेल्या. मांडीवर व्हॅनचं टोपडं आणि हातात कात्री. मला वाटलं कुणी तरी गेलं. म्हटलं, "आई, काय झालं?" तर म्हणाल्या:

"तुझ्या मामांचा फोन होता. मी हॅलो म्हणायच्या आत त्यांनी मला भोंगा म्हटलं. मग म्हणाले, 'ते टोपडं काढ आधी. रबरी कापड आहे का ते? नक्की रबरीच असणार. इंजिनाने पेट्रोल ओढलं की टाकीत हवेची ओढ बसते, ते कापड झाकणाच्या भोकावर चिकटतं आणि भोक बंद. म्हणून काठोकाठ भरली की लवकर मरते, आत हवेला जागाच कमी. म्हणून उघडताना उसासा टाकते. ज्याने हे शिवलंय त्याने गाडीच्या नाकावर उशी दाबलीय.' मी तीनदा सांगितलं, अहो, मी विहीणबाई बोलतेय. तर म्हणाले, 'हो हो, रडू नकोस, सोमवारी तुझीच गाडी पहिली.' आणि ठेवून दिला."

मामा, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे टोपडं मी रोज माझ्या हाताने काढत होते आणि रोज माझ्या हाताने घालत होते. मशीनवरून उठल्यावर आमच्या चौघांना मळमळतं, त्यात उन्हाळा लागला आणि पेट्रोलचा वास त्यांना सहन होईना. हेडमास्तरीणबाईंना तर एकदा उलटीच झाली. म्हणून सासूबाईंनी जुना रेनकोट कापून टाकीच्या झाकणाला घट्ट टोपडं शिवलं. उन्हाळ्याचं दुखणं म्हणून तू उन्हाला धरलंस, मी टोपड्याचा विचारही केला नाही. आमच्या घरात प्रत्येक वस्तू टोपडं घालूनच असते, मी ते तुला काय म्हणून लिहिणार? भोकात सुई घालून बघितली, मोकळं आहे म्हणून खूश झाले, आणि वर पुन्हा टोपडं चढवलं. पंप बदलल्यावर दोन फेऱ्या झकास झाल्या ना? तेव्हा टोपडं धुवायला टाकलं होतं.

सासूबाईंनी टोपडं उलटं केलं आणि मला दाखवलं. आतून बरोबर मध्ये एक छोटा खळगा पडलाय, दात नसलेल्या म्हाताऱ्याचा गाल बसावा तसा. त्यावर त्या बोट फिरवत म्हणाल्या, "मी त्यांना वास येऊ नये म्हणून केलं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, "आई, तुम्ही केलं म्हणून त्यांना उलट्या झाल्या नाहीत, हेही खरंच आहे." मी सून होऊन आल्यापासून इतक्या वर्षांत आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

रविवारी टोपडं न घालता, टाकी काठोकाठ भरून, आम्ही दोघीच चढावर गेलो. गाडी थांबलीच नाही. पण वास आला. त्यावर सासूबाई घरी येऊन मशीनवर बसल्या. सोमवारी सकाळी माझ्या हातात नवं टोपडं होतं. तेच रेनकोटचं कापड, पण आत जाड सुती पट्टी, म्हणजे चिकटायला नको, आणि मधोमध एक काज. शर्टाला करतात तसं, रेशमी दोऱ्याने विणलेलं, इतकं नीटस की त्यात बटण घालावं. म्हणाल्या, "भोक पाडणं कुणालाही येतं. पण काज केलं की ते फाटत नाही आणि बुजतही नाही. मी येणार आहे गाडीत."

आता सोमवार. मागच्या सीटवर आमचे तिघे आणि त्यांच्यात अंग चोरून सासूबाई. पुढे हेडमास्तरीणबाई. मधल्या घडीच्या सीटवर मॅनेजरबाई, मांडीवर पर्स, मनगटावर ते घड्याळ. टाकी मी मुद्दाम काठोकाठ भरलेली. पंपावरच्याने झाकण उघडलं आणि कान लावला, तर उसासा नाही. म्हणाला, "बाई, दुःख संपलं फी."

बाजार गेला. पाण्याची टाकी गेली. "घुंऽऽ"चं "घोंऽऽ" झालं. ती नेहमीची जागा आली तेव्हा गाडीत कुणी हलत नव्हतं. माझे तळहात इतके घामेजले होते की स्टेअरिंगला सासूबाईंनी कव्हर घातलंय याबद्दल मी पहिल्यांदा त्यांचे आभार मानले. आणि मग ती जागा मागे गेली मामा. वळण मागे गेलं. गाडी नुसती चढत नव्हती, गात होती. माथ्यावर पोचलो तेव्हा मागच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्याचे पाय सुजले होते त्याने सर्वांत जोरात. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "मी नोकरीत कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. आज देते. पण अर्धे मामांचे."

दवाखान्याच्या दारात आम्ही वेळेच्या आधी उभे होतो. मॅनेजरबाईंनी घड्याळ बघितलं आणि मनगट खाली केलं. म्हणाल्या, "फेरी तुमचीच. आणि दुपारचे तिघे आहेत, त्यांनाही आणाल का?" मी हो म्हणेपर्यंत मागून सासूबाईच हो म्हणाल्या.

सगळे आत गेल्यावर सासूबाई गाडीच्या बाजूला आल्या, वाकल्या आणि टोपड्याच्या काजाला कान लावला. इंजिन चालूच होतं. बराच वेळ ऐकत राहिल्या. मी विचारलं, काय ऐकू येतं? त्या म्हणाल्या, "श्वास घेतेय. बारीक आहे, झोपलेल्या बाळासारखा. तुझ्या मामांना लिही." म्हणून लिहिलं.

मामीवर रागावू नकोस. तिने मला लिहिलं नसतं तर मी तुला तो दिवस ऐकवलाच नसता, आणि टोपड्याची चटक् तुझ्यापर्यंत पोचलीच नसती. चांगल्या कानांच्या आम्हा सगळ्यांना जे ऐकू आलं नाही ते तुला ऐकू आलं. यापुढे तुला ऐकू येत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये, तूही नाही.

तुझी,
भोंगा


३० एप्रिल

रा. रा. व्याही मामांस विहीणबाईंचा नमस्कार.

आपण मला फोनवर भोंगा म्हणालात. आमच्या घराण्यात आजवर मला कुणी इतकं छोटं नाव ठेवलं नव्हतं. मी ते ठेवून घेतलं आहे.

सोबत एक लहान पिशवी पाठवते आहे. कानाच्या मशीनसाठी आहे, वरच्या बाजूला काज केलं आहे. मापाचा अंदाज सुनेकडून घेतला. मी जन्मभर वस्तू झाकत आले, म्हणून मी सांगितलेलं आपण ऐकावं. कपाटात ठेवलेल्या वस्तूला धूळ लागत नाही, पण तिचा श्वासही कोंडतो. पिशवी फक्त झोपताना वापरावी. दिवसा मशीन कानातच बरं.

आपली,
भोंग्याची सासू


६ मे

प्रिय भोंगा, आणि विहीणबाई, दोघींना एकत्रच लिहितो.

विहीणबाईंसमोर मी काय तोंड दाखवू? त्यांनी तीनदा सांगितलं आणि मी त्यांना रडू नकोस म्हणालो. मामी हे वाचून जेवणावरून उठली, हसता हसता तिला ठसका लागला. तो ठसका मला ऐकू आला. हो, ऐकू आला. पिशवी आली त्याच दुपारी मशीन कानात घातलं. सुरुवातीला सगळं पत्र्याच्या डब्यात बसून ऐकावं तसं वाटतं. मामी गेले कित्येक महिने एकच वाक्य बोलत होती असं आता कळलं. ते वाक्य होतं, "आंघोळीला जा."

तुझं ते लांब पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की त्याच्या घड्या फाटल्यात. "सुस्स्स्" पाशी मला पहिल्यांदा अंगावर काटा आला. आणि पुढच्याच ओळीत "टोपडं चटक्". मी ओरडलो, मामी म्हणते शेजारपाजारचे धावत आले. मग फोनकडे धावलो. मला पलीकडचं ऐकू येणार नाही हे माहीत होतं, पण माझं पलीकडे पोचेल एवढं पुरे होतं. मिस्त्रीला आणखी काय हवं.

शटर उघडलं. रंग न देताच. गंज आहे तो आहे. पहिल्या दिवशी एक जण व्हॅन घेऊन आला, कानातलं मशीन बघून जरा घुटमळला. मी त्याला म्हटलं, "आवाज नंतर ऐकू, आधी बसा आणि पेट्रोल भरता कसं ते सांगा." तो पुन्हा येणार आहे, भावालाही घेऊन.

विहीणबाई, त्या काजाचा एक नमुना मला पाठवा. गॅरेजात दर्शनी भिंतीवर लावतो. कुणी विचारलं तर सांगेन की या कामातल्या उस्ताद आमच्या व्याह्यांकडे असतात.

भोंगा, रविवारी सकाळी फोन कर. चालू इंजिनाजवळ धर, जवळ, अगदी सीटखाली. आधी तू बोल, मग ती बोलू दे. मी उचलेन. इथे मी राहतो.

तुझा,
मामा